हरवलेल्या मतपेटीबाबत शेवंती खोबरेकर यांचे म्हणणे

पोलीस दूरक्षेत्र आंबेखोल, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग
दिनांक १४ मे २००६, रविवार

नाव : श्रीमती शेवंती बाबली खोबरेकर
वय : ४९ वर्षे
धंदा : नोकरी, अधिपरिचारिका, ग्रामीण रुग्णालय आंबेखोल
राहणार : दर्यावाडी, आंबेखोल

मी आज दूरक्षेत्रात समक्ष हजर असून हवालदार श्री. कुबल यांनी विचारल्यावरून माझे म्हणणे सांगते ते असे की, मी वरील ठिकाणी राहते. घरी सासू आहे. मुलगी दिव्या लग्न होऊन सावंतवाडीस असते. पती बाबली खोबरेकर हे सन २००१ मध्ये दर्यावर वारले. त्या दिवशी मी वॉर्डात ड्युटीवर होते. बोट उलटल्याची खबर सकाळी आली. माझ्या जागी दुसरी सिस्टर नसल्याने मला सोडण्यात आले नाही. मी संध्याकाळी किनाऱ्यावर पोहोचले. त्या दिवशी वॉर्डाच्या इन्चार्ज कोण होत्या, याचा आजच्या तक्रारीशी संबंध नाही, म्हणून ते मी सांगत नाही.

आम्हा नर्सेसची जिल्हा परिचारिका हितवर्धक मंडळ या नावाची संघटना आहे. तिच्या अध्यक्ष श्रीमती सत्यवती परुळेकर या गेली नऊ वर्षे आहेत. त्या आमच्याच रुग्णालयात सर्वांत जुन्या. या वेळी अध्यक्षपदासाठी त्यांच्याविरुद्ध मी अर्ज भरला. माझे मागणे एकच होते. ड्युटीवरच्या सिस्टरला घरून खबर आली तर तिला तासाभरात मोकळी करायची, आणि त्यासाठी प्रत्येक रुग्णालयात कोणी कोणाच्या जागी उभे राहायचे ते आधीच ठरवून ठेवायचे. दुसरे कुठलेही आश्वासन मी दिलेले नाही. सत्यवतीबाईंचे म्हणणे, असे केले तर जी ती फोन आला की पर्स उचलील आणि पेशंट उघड्यावर पडतील. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे होते असे मी म्हणणार नाही.

निवडणुकीपूर्वी महिनाभर मी सुट्टीच्या दिवशी एस.टी.ने फिरले. रेडी, दोडामार्ग, सावंतवाडी इथल्या सिस्टरांना भेटले. सत्यवतीबाई त्यांच्या पुतण्याच्या जीपने फिरत. परंतु दोडामार्गच्या घाटीत जीप बंद पडल्याने त्या माझ्याच गाडीत चढल्या आणि जागा माझ्याच शेजारी होती. आम्ही एकमेकींशी बोललो. त्यांनी मला काजूचे बोंडू दिले. मी पुस्तक वाचत होते ते पाहून त्या म्हणाल्या, "पुस्तकां वाचून संघटना चालना नाय गो शेवंती." मी म्हटले, "न वाचता नऊ वर्सां कशी चलली ती बघितली मां, बाई." कंडक्टर हसला. बाईही हसल्या, मग हसणे आवरून खिडकीबाहेर बघत बसल्या. रेडी येथील एका सिस्टरने आम्हा दोघींना एकत्र उतरताना पाहून विचारले, "दोघांकय मत देवक येता काय?" यावरून आमच्यात वैर नव्हते हे लक्षात यावे. वाद होता.

मतदान आज रविवारी सकाळी रुग्णालयाच्या मीटिंग हॉलमध्ये झाले. ओ.पी.डी. बंद असल्याने हॉल रिकामा होता. निवडणूक अधिकारी म्हणून निवृत्त मुख्याध्यापक श्री. रविकांत धुरी गुरुजी यांना बोलावले होते. मंडळाची लाकडी मतपेटी एका कपाटात होती. त्या कपाटाची चावी ज्यांच्याकडे, ते लग्नाला गेले होते. मे महिन्यात आमच्याकडे जे हवे ते माणूस लग्नालाच गेलेले असते. जिल्ह्याभरातून सिस्टर आल्या होत्या, कोणी मुले घेऊन, कोणी रात्रपाळी करून तशाच. त्यांना परत पाठवणे शक्य नव्हते.

तेव्हा सत्यवतीबाईंनी स्वतः स्टोअरमधून एक ड्रम आणला. ड्रम म्हणजे ऑपरेशनचे कपडे, गॉज वगैरे भरून वाफेच्या यंत्रात निर्जंतुक करण्याचा स्टीलचा गोल डबा. त्याच्या अंगाला ओळीने भोके असतात आणि त्यांवर सरकती पट्टी असते. गुरुजींनी विचारले, मते आत टाकायची कुठून. मी म्हटले, भोकांतून. मतपत्रिका विडीसारखी गुंडाळली तर आरामात जाते. सत्यवतीबाई म्हणाल्या, "बरोबर आसा." महिनाभरात त्या माझ्या एवढ्याच एका गोष्टीला बरोबर म्हणाल्या. झाकणावर गुरुजींनी बँडेजची चिकटपट्टी सगळीकडून मारली, तिच्यावर सही केली आणि "आता हे सील झाले" असे जाहीर केले.

मतदान शांततेत पार पडले. सगळ्यांनी बॉलपेनने खूण केली. ड्रम हॉलच्या टेबलावर राहिला आणि आम्ही सर्वजणी मागच्या पडवीत जेवायला गेलो. जेवण झाल्यावर मोजणी होती. गुरुजीही जेवायला आले, कारण बांगड्याचे तिखले होते आणि ते त्यांच्या पानात आधीच वाढले गेले होते.

आमची पाने अर्धी झाली असताना जीपमधून एक अडलेली बाळंतीण आली. रक्त जात होते. ड्युटीवर आमच्या रुग्णालयातील सिस्टर नम्रता केरकर एकटी होती. तिने पडवीच्या दारात येऊन नुसते "बाई!" म्हटले. कोणत्या बाई, ते ती बोलली नाही. सगळ्याच उठल्या. हात धुतले आणि हॉलमधून वॉर्डात गेलो. मालवण तालुक्यात एवढ्या सिस्टर एका बाळंतिणीभोवती याआधी कधी जमल्या नसतील. डॉक्टर आले ते दारातच अडले आणि म्हणाले, "मला आत तरी येऊ द्या." मी सलाईन धरले होते. सत्यवतीबाई डोक्याशी होत्या. निर्जंतुक केलेले सगळे ड्रम उघडावे लागले, म्हणून नवीन ड्रम लगेच यंत्रात लावण्यास नम्रताने सांगितले. थोड्या वेळाने मुलगी झाली. आई व मूल सुखरूप आहेत. सत्यवतीबाईंनी मुलीला उलटे धरून पाठीवर चापटी मारली आणि ती रडल्यावर म्हणाल्या, "हां, हिचा मत पडला."

त्यानंतर मी स्वयंपाकघरातून पेजेचे पातेले फडक्यात गुंडाळून मागच्या दाराने बाहेर गेले. बाळंतिणीची सासू झाडाखाली उपाशी बसली होती, तिला पेज दिली. हे सांगण्याचे कारण, मला फडक्यात काहीतरी गुंडाळून मागच्या दाराने जाताना दोघीतिघींनी पाहिले.

परत आले तेव्हा हॉलमध्ये आरडाओरडा चालू होता. टेबलावर ड्रम नव्हता. गुरुजी टेबलाखाली वाकून बघत होते. सत्यवतीबाई मला म्हणाल्या, "व्हरलंस खंय ती पेटी?"

मी म्हटले, "मी कशाक व्हरतलंय? मतांचा काय लोणचा घालूचा आसा?"

त्या म्हणाल्या, "फडक्यात काय होता?"

मी म्हटले, "पेज."

त्या म्हणाल्या, "वा! पेजेक गोल डबो लागता?"

आमच्या मंडळाच्या नियमाप्रमाणे मोजणी होऊ शकली नाही तर चालू अध्यक्षच पुढची तीन वर्षे राहतात. पेटी गेल्याने फायदा झाला असता तर त्यांचा, आणि आळ येत होता माझ्यावर. मी सरकारी नोकर आहे. चोरीची तक्रार नावावर लागली तर काय होते ते मला कळते. तरीही त्या क्षणी मला आठवले ते एवढेच, की माझे मागणे मोजलेसुद्धा जाणार नाही.

सत्यवतीबाई रस्ता ओलांडून या दूरक्षेत्रात आल्या आणि त्यांनी तोंडी तक्रार दिली. हवालदार कुबल यांनी मला बोलावले. मी आले. आमच्या मागोमाग जवळजवळ सगळ्या सिस्टर आल्या, काही माझ्या बाजूच्या, काही त्यांच्या, आणि काही नुसत्याच बघायला. आत जागा नसल्याने त्या खिडकीला उभ्या राहिल्या.

हवालदारांनी आम्हा दोघींना समोरासमोर बसवले व चोरीस गेलेल्या वस्तूचे वर्णन विचारले. सत्यवतीबाई म्हणाल्या, "पेटी." हवालदार म्हणाले, "लाकडी की पत्र्याची?" त्या म्हणाल्या, "पेटी म्हणजे ड्रम." हवालदारांना ड्रम म्हणजे पाण्याचे पिंप वाटले व ते म्हणाले, एवढे मोठे पिंप या बाईंनी फडक्यात कसे नेले. तेव्हा मी सांगू लागले. स्टीलचा गोल डबा. आतून रिकामा नाही, भरलेला. झाकणावर चिकटपट्टी मारलेली. अंगाला भोके. हवालदारांनी लिहिता लिहिता विचारले, "भोके उघडी की बंद?"

मी म्हटले, "उघडी. गुरुजींनी बंद केली नव्हती."

एवढे बोलून मी थांबले, आणि सत्यवतीबाईंकडे पाहिले. त्या माझ्याकडेच बघत होत्या. खिडकीत कोणीतरी कपाळावर हात मारून घेतला.

हवालदारांना काही समजेना, म्हणून मी त्यांना पुढीलप्रमाणे समजावले. ड्रमची भोके बंद असतील तर आतला माल वाफ घेऊन आलेला आहे, हात लावायचा नाही. भोके उघडी असतील, वर पट्टी मारलेली असेल, तर तो भरून तयार आहे आणि यंत्रात जायचा आहे. हे आम्हाला शिकताना पहिल्या वर्षी सांगतात. पुढे ते डोक्यात राहत नाही, हातात उतरते. उघड्या भोकांचा ड्रम टेबलावर दिसला आणि आत बाळंतीण अडलेली असली, तर कोणतीही सिस्टर तो तिथे ठेवणार नाही. मीसुद्धा ठेवला नसता.

सत्यवतीबाईंनी स्वतःचा उजवा हात पाहिला. मग हळूच म्हणाल्या, "गो बाय माझ्या. ह्या हातान."

आम्ही सर्व, हवालदारांसह, रुग्णालयात गेलो. यंत्रावर अटेंडंट श्री. भाई गावडे होते. ते दुपारपाळीला आलेले असल्याने त्यांनी मतदान पाहिलेले नव्हते. यंत्राची वाफ नुकतीच उतरली होती. हवालदारांनी विचारले, यात एक ड्रम जास्तीचा लावला काय. भाई म्हणाले, "लावलंय. भोकां उघडी, वर पट्टी मारलेली. तेका आमी मतपेटी म्हणणव नाय."

"तो तुमच्याकडे आणून कोणी दिला?"

भाईंनी सत्यवतीबाईंकडे पाहिले, मग छताकडे. "सायबानू, माका नाव घेवक लावू नकात. माझी अजून नोकरी आसा."

तेव्हा सत्यवतीबाई स्वतःच म्हणाल्या, "मी दिलंय. जाता जाता उचललंय आणि 'भाई, ह्यो पण घाल' असा म्हटलंय. सायबानू, माका व्हरूचा आसा तर व्हरा." नऊ वर्षे ज्या बाईंचा आवाज वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येतो, त्या एवढ्या हळू बोलल्या की हवालदारांना परत विचारावे लागले.

हवालदारांनी मला बाजूला घेऊन सांगितले की, उमेदवाराने स्वतः मतपेटी हलवली ही गोष्ट गंभीर आहे, आणि माझी इच्छा असल्यास मी त्यांच्याविरुद्ध उलट तक्रार देऊ शकते. मी नाही म्हणून सांगितले व आताही तेच सांगते. त्यांनी मतपेटी उचलली नाही. बाळंतिणीसाठी ड्रम उचलला.

पट्टी तशीच होती. गुरुजींची सही वाफेने थोडी पसरली होती, पण वाचता येत होती. गुरुजी म्हणाले, "सील शाबूत आहे. शिवाय एवढी निर्मळ निवडणूक मी आयुष्यात पाहिली नाही." ड्रम तक्रारीतील वस्तू असल्याने तो दूरक्षेत्रात आणून सर्वांसमोर उघडण्यात आला. मतपत्रिका गरम व ओलसर होत्या, परंतु बॉलपेनची खूण टिकून होती. वीज गेलेली असल्याने पंखा नव्हता. म्हणून दूरक्षेत्राच्या अंगणात उन्हात रुग्णालयाची धुतलेली चादर अंथरून त्यावर मते वाळत घातली. ज्या पत्रिका एकमेकींना चिकटल्या होत्या त्या सत्यवतीबाईंनी चिमट्याने सोडवल्या. त्यांच्याइतका हलका हात आमच्यात कोणाचा नाही. सुक्या बांगड्यांची राखण करतात तशा चारही कोपऱ्यांना सिस्टर बसल्या. कावळे आले, त्यांना हाकलले. रस्त्याने जाणाऱ्या एका मासेवालीने टोपली उतरवून विचारले, "काय गो, ह्या कसला सुकत घातलास?" कोणीतरी म्हटले, "अध्यक्ष."

मोजणीपूर्वी भाई गावडे यांनी कोणी सांगितले नसताना हात जोडून गाऱ्हाणे घातले. "बा देवा म्हाराजा, आज ह्या पोरींनी जी काय चूकभूल केली आसात, ती पोटात घे रे म्हाराजा." सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटले. "जो कोण निवडान येयत तेका बुद्धी दी, आणि जो पडात तेका झोप दी रे म्हाराजा." "व्हय म्हाराजा." यात हवालदारांचाही आवाज होता.

गुरुजींनी मोजणी केली. दोन मते वाचता न आल्याने बाजूला ठेवली. मी सात मतांनी निवडून आले. सत्यवतीबाईंनी गुरुजींकडून पुन्हा एकदा मोजून घेतले, तो त्यांचा हक्क होता. दुसऱ्यांदाही सातच. मग त्या मला म्हणाल्या, "गो, वाफ दिली म्हणान तुझी मतां फुगली." आणि माझ्या गालाला हात लावला. त्यांच्या हाताला बांगड्याचा वास होता, माझ्याही असणार. सिस्टरांनी टाळ्या वाजवल्या. हवालदारांनी चहा मागवला.

यानंतर सत्यवतीबाईंनी आपली तक्रार मागे घेण्याचे ठरवले आणि हवालदारांनी माझा जबाब लिहिण्यास घेतला. तो वरीलप्रमाणे लिहून होत असताना येथील फोनवर रुग्णालयातून सिस्टर नम्रता केरकर हिचा फोन आला. हवालदारांनी तो मला दिला. तिची संध्याकाळची बदली यायची होती ती सिस्टर मतपेटी गेल्याचे ऐकून, आता निवडणूक व्हायची नाही आणि तिच्यासाठी बदललेली आजची पाळीही रद्द झाली असे समजून, एस.टी.ने घरी निघून गेली होती. नम्रताला आज रेडी येथे तिच्या घरी बघायला पाहुणे येणार होते. वडिलांनी दोनदा फोन केला होता. ती रडत नव्हती, पण बोलता बोलता मध्ये थांबत होती. "बाई, वाईट खबर नाय. तुमच्या मागण्यात बसता काय, माका म्हायत नाय."

मी काय सांगावे याचा विचार करत होते. आईला व मुलीला अजून नजरेखाली ठेवायचे होते, आणि मी जबाब अर्धा टाकून उठू शकत नव्हते. अंगणातल्या बऱ्याच सिस्टर तोपर्यंत गाडीसाठी निघाल्या होत्या. सत्यवतीबाई शेजारी बसून चहा पीत होत्या. फोनमधला आवाज त्यांनाही ऐकू येत होता. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाल्या, "नम्रता, साडी खंयची नेसतलंस?" पलीकडून काय उत्तर आले मला ऐकू आले नाही. "ती नको, निळी नेस. नीघ तू. पुतण्याची जीप भायर आसा, तो सोडतलो तुका. मी येतंय."

फोन ठेवून त्या मला म्हणाल्या, "खबर वाईट आसली तरच सोडूचा, असा खंय लिवलेला आसा?"

मी म्हटले, "खंयच नाय, बाई."

"मगे झाला तर," त्या म्हणाल्या.

त्यांनी पर्स उचलली. चहा अर्धा तसाच राहिला. त्या रस्ता ओलांडून रुग्णालयाकडे चालत गेल्या. त्यांचे वय सत्तावन्न आहे आणि सकाळपासून त्या उभ्या होत्या. वॉर्डाच्या दारात नम्रता बाहेर आली आणि त्या आत गेल्या, तोवर मी खिडकीतून पाहत होते. याबाबत मला आणखी काही सांगायचे नाही.

त्या ड्युटीवर गेल्याने तक्रार मागे घेतल्याच्या कागदावर त्यांची सही आज घेता आलेली नाही. ती उद्या सकाळी त्यांची झोप झाल्यावर घ्यावी, आज त्यांना वॉर्डातून बोलावू नये, अशी माझी विनंती आहे. कोणाही व्यक्तीविरुद्ध माझी तक्रार नाही.

हा जबाब हवालदार कुबल यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. नंतर मी तो हातात घेऊन स्वतः वाचला आणि दोन ठिकाणी दुरुस्त करून घेतला. तो मी सांगितल्याप्रमाणे आणि खरा आहे.

सही/-
शेवंती बाबली खोबरेकर

समक्ष
सही/-
पोलीस हवालदार कुबल
दूरक्षेत्र आंबेखोल